काळनख राक्षसाची विभागीय चौकशी

प्रभुलिंग माशाळ याला आयुष्यात फारसे निर्णय घ्यावे लागले नव्हते. लहानपणी ते आईने घेतले, लग्नानंतर बायकोने, आणि ऑफिसात घ्यायला साहेब होतेच. त्यामुळे शेहेचाळिसाव्या वर्षी त्याने स्वतःच्या डोक्याने एक निर्णय घेतला, तेव्हा घरात कुणाला पत्तासुद्धा लागला नाही. निर्णय लहानसाच होता. रविवारच्या खेळाची शीटं कागदावरून कॉम्प्युटरवर आणायची, आणि नियम पाळायचं काम कॉम्प्युटरवरच सोपवायचं.

खेळ कसला ते आधी सांगायला हवं, नाहीतर लोकांना पत्ते वाटतात. (शांतम्मांना, म्हणजे प्रभुलिंगच्या आईला, दोन वर्षं पत्तेच वाटत होते, आणि त्या दर रविवारी देवापुढे दोन मिनिटं जास्त उभ्या राहत होत्या.) हा खेळ जुळे सोलापुरातल्या माशाळांच्या घरात आणला वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने, अक्षताने. ही मुलगी पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीची नोकरी सोलापुरात बसून करते. खेळायला टेबलाभोवती चौघं लागतात. तिघं एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा होतो, कुणी चोर, कुणी जादूगार. चौथा सूत्रधार. तो सांगतो, "समोर किल्ला आहे, आतून गुरगुरण्याचा आवाज येतोय, बोला, काय करता?" मग ज्याने त्याने आपल्या पात्राच्या तोंडून बोलायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि शीट बघून बेरजा-वजाबाक्या करायच्या. शीट म्हणजे त्या पात्राची कुंडलीच. वय किती, ताकद किती, जखमा किती, मंत्र कुठले, सगळं तिच्यावर.

सूत्रधार प्रभुलिंग होता. त्याच्या कल्पनाशक्तीचा याच्याशी काही संबंध नव्हता. पहिल्या दिवशी टेबलाच्या त्या टोकाला पंखा लागत नव्हता आणि मे महिन्यात तिथे बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं, इतकंच. पण बसल्यावर त्याला शोध लागला, की आपण बोलतो आणि लोक ऐकतात. "पूल कोसळला" म्हटलं की पूल कोसळतो. असं त्याच्या बाबतीत पूर्वी कधी घडलं नव्हतं. ऑफिसात "प्रिंटरची शाई संपली" म्हटलं तरी तीन महिने काही हलत नसे. रविवारी चार ते सात ती खुर्ची त्याची होती, आणि सोमवार ते शनिवार तो तिच्याच जिवावर काढत होता.

ती खुर्ची नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी डळमळली. झालं असं, की त्याची बायको महेश्वरी या खेळात ज्वालाक्षी नावाची तीनशे बारा वर्षांची जादूगारीण असते. आठवडाभर ती एका हॉस्पिटलच्या औषधाच्या दुकानात उभी राहून लोकांना "ही जेवणाआधी, ही जेवणानंतर" सांगते, त्यामुळे रविवारी तिला काहीतरी जाळून टाकावंसं वाटतं. काळनख राक्षसासाठी तिने आठ महिने एक महामंत्र राखून ठेवला होता. तो एकदाच वापरता येतो. त्या रविवारी प्रभुलिंगने बेरीज चुकवली, ज्वालाक्षीच्या अंगठीचे पाच गुण धरलेच नाहीत, आणि एका फालतू वटवाघळाने तिला आडवं केलं. चूक उघडकीला आली अर्ध्या तासाने. तोवर वटवाघूळ कुठल्या कुठे गेलं होतं. ज्वालाक्षीला परत उभं केलं, महामंत्रही शाबूत होता, पण अपमान व्हायचा तो झालाच.

"अहो, हे तिसऱ्यांदा झालं," महेश्वरी म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "पुढच्या रविवारी काळनख आहे. त्यात एक जरी चूक झाली, तर ती खुर्ची माझी. मी सांगते, तुम्ही खेळा."

"बरोबर हाय की," गुरुशांत म्हणाला. हा महेश्वरीचा धाकटा भाऊ. त्याचं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे, आणि खेळात तो चोर असतो. "दाजी सरकारी मानूस. त्यास्नी बेरीज कशाला यायला पायजे?"

हे मात्र प्रभुलिंगला लागलं. तो एका सरकारी खात्याच्या आस्थापना शाखेत लिपिक होता, आणि त्या शाखेत त्याला मान होता. (निदान त्याच्या फाइलला होता.) सहा वर्षं खपून त्याने एक एक्सेल फाइल बनवली होती. कर्मचाऱ्याची जन्मतारीख टाकली की रजा, बढती, बदली, सगळं ती फाइल आपोआप सांगायची आणि आदेशही स्वतःच लिहून मोकळी व्हायची. साहेब पाहुण्यांना ती दाखवत. प्रभुलिंगला दाखवत नसत, पण फाइल दाखवत.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत त्याने विचार केला, की जी फाइल दोनशे सरकारी कर्मचाऱ्यांना वळण लावते, तिला तीन पात्रं म्हणजे काय? नवीन बनवायची तर पंधरा दिवस गेले असते. त्याने फाइलची सरळ कॉपी मारली. 'कर्मचाऱ्याचे नाव' खोडून 'पात्राचे नाव' केलं. 'पदनाम' या रकान्यात जादूगारीण, चोर आणि योद्धा असे तिघं भरले, आणि शेवटच्या ओळीत राक्षस. किरकोळ रजेच्या जागी जखमा गेल्या, आणि पगारवाढीच्या जागी शक्तीवाढ. नको असलेले रकाने काही त्याने खोडले नाहीत. सरकारी कागदातून काही खोडायचं नसतं, अशी वीस वर्षांची शिस्त. त्याने ते नुसते लपवले, कुणी उघडू नयेत म्हणून त्यांना पासवर्ड घातला, आणि गुरुवारपर्यंत तो पासवर्ड विसरला.

पण फाइल चालली झकास. त्याने आठवडाभर चोरून तपासली. फासा टाकला, आकडा भरला, की जखमा आपोआप वजा, मंत्र आपोआप खर्च, अंगठीचे पाच गुण न विसरता जमा. शनिवारी तो इतका खूश होता, की त्याने बायकोला न सांगता भाजी आणली. (चुकीची आणली, पण आणली.)

रविवारी, तीस नोव्हेंबरला, चार वाजता त्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला, घसा खाकरला आणि सगळ्यांपुढे एक छापील कागद ठेवला. 'शीटचा निर्णय अंतिम राहील. तो सूत्रधारासही बदलता येणार नाही.' खाली चार सह्यांच्या जागा.

"हे कशाला?" अक्षताने विचारलं.

"पुढं वाद नको," प्रभुलिंग म्हणाला. "आता चूक करायला माणूसच मध्ये नाही."

महेश्वरीने कागद दोनदा वाचला, सही केली, आणि कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. तेव्हाच प्रभुलिंगला धोक्याची घंटा ऐकू यायला हवी होती, पण तो राक्षसाच्या आवाजाचा मनातल्या मनात सराव करत होता.

पहिले दोन तास असे गेले, की प्रभुलिंगला स्वतःचा हेवा वाटावा. गुरुशांतच्या चोराने कुलपं फोडली, अक्षताच्या योद्ध्याने पहारेकरी कापले, आणि टीव्हीवर आकडे बिनबोभाट बदलत राहिले. "काका, भारी केलंय," असं अक्षता म्हणाली, आणि ती कॉम्प्युटरवाली असल्यामुळे त्याला ते शिफारसपत्रासारखं वाटलं. शेवटी किल्ल्याचा आतला दरवाजा उघडला. काळनख हजार नखं परजत उठला. प्रभुलिंगने खालच्या पट्टीत असा काही हुंकार दिला, की स्वयंपाकघरातून शांतम्मांनी ओवा हवाय का म्हणून विचारलं.

महेश्वरी उभी राहिली. आठ महिन्यांचा महामंत्र. तिने फासा दोन्ही हातांत धरून घोळवला, टाकला, आकडा एकोणीस आला. गुरुशांतने मांडीवर थाप मारली. अक्षताने आकडा भरला. घड्याळात त्या वेळी सव्वासहा वाजले होते, आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

'श्रीमती ज्वालाक्षी, जादूगारीण, वय वर्षे ३१२, या नियत वयोमानानुसार आज दिनांक ३० नोव्हेंबर रोजी कार्यालयीन वेळेनंतर सेवानिवृत्त झाल्या आहेत. त्यांना पुढील आयुष्य सुखाचे जावो.'

काळनखाची नखं हवेतच राहिली, कारण ती परजणारा माणूस पांढरा पडला होता.

"म्हंजे?" गुरुशांतने विचारलं. "ताई मेली?"

"रिटायर झाली," अक्षता पडद्याजवळ जाऊन म्हणाली. "काका, तुमच्या फाइलमध्ये अठ्ठावन्न वर्षांचा नियम तसाच राहिलाय. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, ऑफिस सुटलं, की तो लागू होतो. आठवडाभर म्हणूनच काही दिसलं नाही."

"राक्षसाच्या तोंडावर मला रिटायर केलं?" महेश्वरीने विचारलं.

"आत्ता दुरुस्त करतो," म्हणून प्रभुलिंग लॅपटॉपवर झेपावला. त्याने पासवर्ड म्हणून लग्नाची तारीख टाकली. लॅपटॉपने ती नाकारली. "चुकीची टाकलीत," महेश्वरी मागून म्हणाली, "महिना जानेवारी नाही, फेब्रुवारी." त्याने फेब्रुवारी टाकून बघितला. तोही पासवर्ड नव्हता, पण आता घरात आणखी एक विषय निघाला होता.

"मग असं करू, मी सूत्रधार म्हणून सांगतो, की ज्वालाक्षी..."

महेश्वरीने मोबाइलवरचा फोटो त्याच्यापुढे धरला. शीटचा निर्णय अंतिम राहील. सूत्रधारासही बदलता येणार नाही. खाली सर्वात मोठी आणि वळणदार सही प्रभुलिंगची होती.

"आणि नियम सगळ्यांना सारखा," ती म्हणाली. "या राक्षसाचं वय किती?"

राक्षसाच्या वयाचा रकाना प्रभुलिंगने मोकळा सोडला होता. राक्षसाला कोण वय विचारतो? पण अक्षताला आठवलं, की पहिल्याच रविवारी काकांनी तोंड वाकडं करून सांगितलं होतं, काळनख दोन हजार वर्षांचा आहे आणि त्यातली हजार वर्षं तो शापाने झोपलेला होता. तिने दोन्ही आकडे भरले. फाइल क्षणभर थांबली. आस्थापना शाखेत असा कर्मचारी तिला पूर्वी भेटला नसावा.

'श्री. काळनख, राक्षस, हे निवृत्तीचे वय ओलांडून सेवेत आहेत. तथापि त्यांच्या सेवेत एक हजार वर्षांची अनधिकृत गैरहजेरी आढळून येते. सबब त्यांना कार्यमुक्त करता येणार नाही. विभागीय चौकशी पूर्ण होईपर्यंत ते निलंबित राहतील.'

"म्हंजे आता मारायचा का न्हाय त्याला?" गुरुशांतचा चोर सुरा काढून बसला होता.

अक्षताने शीट वर-खाली करून बघितली. निलंबित माणसावर वार करायला रकानाच नव्हता. होता तो फक्त एक चौकोन, 'चौकशी अधिकारी निवडा', आणि त्याच्या खाली सेवानिवृत्त अधिकाऱ्यांची यादी. सरकारात अशा चौकशीवर पुष्कळदा निवृत्त माणसालाच नेमतात, आणि प्रभुलिंगने ती सोय मोठ्या हौसेने फाइलमध्ये केलेली होती. यादीत एकच नाव होतं. अक्षताने विचारायची वाट न बघता ते दाबलं.

'श्रीमती ज्वालाक्षी (सेवानिवृत्त) यांची चौकशी अधिकारी म्हणून नियुक्ती करण्यात येत आहे.'

महेश्वरी टेबलाला वळसा घालून आली. "उठा," ती नवऱ्याला म्हणाली. "चौकशी करणाऱ्याला खुर्ची लागते."

"पण ही सूत्रधाराची..."

"राक्षसाचं कोण बोलतं? तुम्हीच की. मग तुम्ही उभं राहा समोर."

प्रभुलिंग उठला. त्याला वाटलं होतं चार-पाच प्रश्नांत उरकेल. वीस वर्षं आस्थापना शाखेत काढलेल्या माणसाला असं वाटावं, हीच त्याची खरी अपात्रता.

"नाव?"

"काळनख," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"साध्या आवाजात सांगा. हजार वर्षं कुठं होता?"

"झोपलो होतो. शाप होता."

"शापाचा कागद जोडलाय?"

"नाही."

"रजेचा अर्ज?"

"शाप अचानक मिळाला."

गुरुशांतने सुरा ठेवून दिला आणि शेंगाचटणीची वाटी पुढे ओढली. महेश्वरीने वहीत काहीतरी लिहिलं.

"या राक्षसाला रविवारी सकाळीपण झोप येते का?"

प्रभुलिंगला हा प्रश्न कुठल्या रस्त्याने चालला आहे ते दिसलं, पण नियमाप्रमाणे उत्तर देणं भाग होतं. "कधी कधी," तो म्हणाला.

"दिवाळीनंतरच्या रविवारी राक्षसाची सासू दुधनीहून गाडीनं येणार होती. स्टेशनवर कोण जाणार होतं?"

"राक्षस."

"मग?"

"डोळा लागला."

"फोन?"

"सायलेंट होता."

"आमची आई पाऊण तास बाकड्यावर बसली हुती," गुरुशांतने चटणी खाता खाता माहिती पुरवली. "डोक्याएवढी पिशवी मांडीवर घिऊन. पिशवीत दाजीसाठीच धपाटे हुते."

"साक्षीदाराचं म्हणणं लिहून घेतलं," महेश्वरी म्हणाली.

त्याच वेळी शांतम्मा कडक भाकरीचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि उभ्या असलेल्या मुलाकडे बघून म्हणाल्या, "येन आयतु? काय झालं? का उभा केलाय ह्याला?" प्रभुलिंगच्या जिवात जीव आला. काही झालं तरी आई होती.

"आत्या, हे लई झोपतात अशी तक्रार आहे," महेश्वरी म्हणाली. "तुमचं काय म्हणणं?"

शांतम्मांनी ताट खाली ठेवलं आणि पदर सारखा केला. "व्हय की. ल्हानपनापास्नं हाय ते. शाळंची घंटा व्हायची, पोरं जाऊन बसायची, ह्यो हितं पसरल्याला. मास्तर घरी यायचे बगायला. मी खोटं न्हाय बोलनार."

इथे प्रभुलिंगला खरोखर वाईट वाटलं. हसण्यावारी नेण्यासारखं नव्हे, आतून. तो आपल्याच घरात, आपल्याच टेबलासमोर उभा होता आणि समोरच्या खुर्चीत बायको बसली होती. त्याहून वाईट म्हणजे ती तिथे शोभत होती. ती बोलायची तेव्हा गुरुशांत चावायचा थांबत होता. अक्षता हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. महेश्वरीच्या चेहऱ्यावर असं हसू त्याने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं, आणि ते आणायला त्याला दोन वर्षांत एकही राक्षस पुरला नव्हता. त्याला तिचं कौतुकही वाटलं, आणि खुर्ची परत हवीशीही वाटली. ही दोन्ही एकदम मिळत नाहीत, एवढं त्याला कळत होतं.

सात वाजता निकाल लागला. अनधिकृत गैरहजेरी सिद्ध. फाइलने शिक्षांची यादी दाखवली, आणि चौकशी अधिकाऱ्याने त्यातली एक निवडली. 'श्री. काळनख यांची निवृत्ती रोखण्यात येत असून त्यांना राक्षस या पदावरून पदावनत करून द्वारपाल, वर्ग चार, या पदावर ठेवण्यात येत आहे.'

"दोन वर्षांतला सगळ्यात भारी रविवार," अक्षता म्हणाली. राक्षसावर तलवारीचा एक वार न होता किल्ला पडला होता, आणि कुणाचीच त्याला हरकत नव्हती.

"एक चूक म्हणाले होते ना मी?" महेश्वरीने वही मिटली. "पुढच्या रविवारपासून मी सांगणार. तुम्ही खेळा."

"कोण म्हणून?"

"द्वारपाल हाय की," गुरुशांत म्हणाला. "नोकरी तर ऱ्हायली, दाजी."

प्रभुलिंगने दोन दिवस अबोला धरला. (तो धरला आहे हे बुधवारी त्यालाच सांगावं लागलं.) मग त्याने विचार केला, की द्वारपाल तर द्वारपाल. चांगला नट लहान भूमिकेतही दिसतो. किल्ल्यात कुणाला जायचं असेल तर त्याच्याच अंगावरून जावं लागणार. तो ऑफिसच्या जिन्यात, पाण्याच्या टाकीमागे, "थांबा, पुढे पाऊल टाकाल तर..." एवढं वाक्य निरनिराळ्या आवाजांत म्हणून बघू लागला. एकदा त्या आवाजाने साहेब खरंच थांबले, आणि त्याला फार बरं वाटलं.

सात डिसेंबरला चार वाजता सगळे जमले. ज्वालाक्षी निवृत्त झाल्यामुळे तिसऱ्या पात्राची जागा रिकामी होती. ती शांतम्मांनी घेतली. बहात्तराव्या वर्षी त्यांनी अठरा वर्षांची धनुर्धारी निवडली आणि शीटमधला वयाचा रकाना स्वतः नीट तपासून घेतला. पासवर्ड तेवढा अजून सापडला नव्हता, त्यामुळे फाइलचे जुने नियम तसेच होते.

महेश्वरीने खुर्चीत बसून सुरुवात केली. घसा न खाकरता, हुंकार न देता, औषधाची मात्रा सांगावी तशी सांगितली, तरी सगळे खुर्च्या पुढे ओढून बसले. किल्ल्यात नवा धनी आला होता. तिघं डोंगर चढून महाद्वाराशी पोचले.

"दारात द्वारपाल उभा आहे," ती म्हणाली.

प्रभुलिंग उभा राहिला. आठवडाभराचा सराव छातीत भरून घेतला. "थांबा," तो गरजला, "पुढे पाऊल टाकाल तर..." आणि त्याने फासा टाकला. पूर्ण वीस. फाशावरचा सगळ्यात मोठा आकडा. त्याने तो स्वतःच्या हाताने भरला आणि टीव्हीकडे वळून बघितलं.

'श्री. काळनख, द्वारपाल. आज साप्ताहिक सुट्टी.'

"काका, योद्धा, चोर वगैरेंना तुम्ही अत्यावश्यक सेवेत टाकलंय," अक्षताने रकाना वाचून सांगितलं. "म्हणून त्यांना रविवार लागत नाही. वर्ग चारला लागतो."

"मग माझी पाळी कधी?"

"सोमवार ते शनिवार कधीपण."

"पण आपण रविवारीच खेळतो."

महेश्वरीने टीव्हीवरचं वाक्य पुन्हा वाचलं, नवऱ्याकडे एकदा बघितलं, आणि वहीतली ओळ खोडली.

"दारात कुणीच नाही," ती म्हणाली. "आत या."

आणि सर्वांच्या पुढे, धनुष्य खांद्याला लावून, शांतम्मा मुलासमोरून आत गेल्या.